हेलिओट्रोप मार्चमध्ये माना टाकते: इंदूरच्या हवेत नेमके काय बिघडते आणि काय करावे

इंदुरात हेलिओट्रोप लावणाऱ्यांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते. थंडीच्या सुरुवातीला आणलेले रोप जानेवारीत जांभळ्या फुलांनी भरते, संध्याकाळी गॅलरीत व्हॅनिलासारखा गोड आणि किंचित कडू बदामाकडे झुकणारा वास दरवळतो, आणि रंगपंचमीच्या आसपास पानांच्या कडा तपकिरी होऊ लागतात. मग दुपारी झाड माना टाकू लागते, घरातले कोणीतरी ऊन वाढले म्हणून पाणी वाढवते, आणि एप्रिल सरण्याआधी कुंडीत काळपट काड्या तेवढ्या उरतात. पुढच्या थंडीत नवे रोप येते आणि हाच क्रम पुन्हा घडतो. बहुतेकजण याचा दोष उन्हाला देतात. ऊन निमित्त असते हे खरे, पण झाड प्रत्यक्षात मरते ते तापलेल्या आणि त्याच वेळी चिंब असलेल्या मातीत मुळे गुदमरल्यामुळे, आणि वाढवलेले पाणी त्या मरणाची घाई करते.

हे झाड मूळचे पेरू आणि त्याच्या शेजारच्या अँडीज पर्वतप्रदेशातले आहे. अठराव्या शतकात जोसेफ द ज्युसियू या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने पेरूहून त्याचे बी पॅरिसच्या राजोद्यानात पाठवले आणि तेथून ते युरोपभर पसरले. मायदेशी ते अनेक वर्षे जगणारे झुडूप आहे. कडक थंडीच्या देशांत त्याला एका हंगामाचे झाड मानतात, कारण तेथे हिमतुषाराने ते मरते. इंदुरात हिशेब उलटा बसतो. आपल्याकडे थंडी त्याला मानवते आणि उन्हाळा सोसत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथल्या रात्री बऱ्यापैकी उतरतात, आणि माळव्याच्या रात्रींची जी ख्याती आहे तिचा फायदा या झाडाला मार्चअखेरपर्यंत मिळतो. दिवसाचे तापमान मात्र मे महिन्यात ४० अंशांच्या वर जाते, आणि सिमेंटच्या गच्चीवर ठेवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीतली माती हवेपेक्षाही अधिक तापते. मातीचे तापमान जसे वाढते तसा मुळांना प्राणवायू अधिक लागतो आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू मात्र कमी होतो. त्यात माती चिकण असेल तर मुळांना श्वास घेण्याची सोयच राहत नाही.

माना टाकलेल्या झाडाची तपासणी

पाण्याची झारी हातात घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे बोटाची दोन पेरे मातीत घालून ओल कोठपर्यंत आहे ती, आणि दुसरी म्हणजे तेच झाड पहाटे, ऊन येण्यापूर्वी, कसे दिसते ती. दुपारचे दृश्य एकटे फसवे असते; निदान पहाटेच होते.

माती कोरडी असेल, कुंडी उचलल्यावर हलकी लागत असेल आणि पाणी दिल्यावर तासा-दोन तासांत पाने उभी राहत असतील, तर ती साधी तहान आहे. हेलिओट्रोपची पाने मऊ आणि लवदार असल्यामुळे ते तहान लवकर दाखवते, आणि दोन-तीन वेळा पूर्ण सुकू दिले तर खालची पाने तपकिरी होऊन गळतात व ती जागा पुन्हा भरत नाही. एकदम कोरड्या झालेल्या कुंडीला वरून पाणी घालून उपयोग नसतो, कारण आक्रसलेली माती कडेने फट सोडते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. अशी कुंडी पाण्याने भरलेल्या बादलीत दहा-पंधरा मिनिटे बसवावी, बुडबुडे थांबले की बाहेर काढावी आणि पूर्ण निथळू द्यावी.

माती ओली असून झाड फक्त दुपारी वाकत असेल आणि पहाटे ताठ दिसत असेल, तर मुळे शाबूत आहेत. पाने जितके पाणी उडवतात तितके ती तेवढ्या वेळात पुरवू शकत नाहीत, एवढेच. अशा वेळी पाणी न देता जागा बदलावी. सकाळी नऊ-दहापर्यंतचे कोवळे ऊन आणि नंतर सावली, अशी पूर्वेकडची गॅलरी मार्चपासून या झाडाची खरी जागा आहे. पश्चिमेच्या भिंतीलगत ठेवलेले झाड कितीही काळजी घेतली तरी एप्रिल पाहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

माती ओली आहे आणि पहाटेही पाने लोंबत आहेत, ही खरी धोक्याची खूण होय. कुंडी आडवी करून मातीचा गड्डा अलगद बाहेर काढावा. निरोगी मुळे पांढरट आणि चिवट असतात. कुजलेली मुळे तपकिरी असतात, चिमटीत धरून ओढली तर वरची साल सुटून आतला दोरा तेवढा हाती राहतो, आणि मातीला आंबूस वास येतो. निम्म्याहून अधिक मुळे अशी निघाली तर त्या झाडाच्या मागे लागण्यापेक्षा त्याच दिवशी शेंड्याकडच्या निरोगी फांद्यांची कलमे घ्यावीत, हे शहाणपणाचे. कूज थोडीच असेल तर कुजलेला भाग कात्रीने काढावा, झाडाचा वरचा साधारण तिसरा हिस्सा छाटावा, कोरडसर नव्या मिश्रणात, पूर्वीपेक्षा लहान कुंडीत, ते लावावे आणि सावलीत ठेवावे. नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नये.

चौथा प्रकार मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. बाहेरगावच्या मोठ्या रोपवाटिकांतून येणारी रोपे बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेली असतात. ते रोप आपण गड्ड्यासकट काळ्या मातीत बसवतो. पुढे बाहेरची माती ओली राहते, बोटाला ओल लागते, पण आतला कोकोपीटचा गोळा एकदा सुकला की पाणी सहजासहजी शोषत नाही आणि मुळे त्या गोळ्यातच अडकलेली असल्यामुळे ओल्या कुंडीत झाड तहानेने वाळते. अशा वेळी पाणी वाढवले तर बाहेरच्या मातीत दलदल होते आणि कसेबसे बाहेर पडलेले मूळही कुजते. रोप आणल्यावर लावण्यापूर्वीच हा गड्डा कोमट पाण्यात भिजवून बाहेरचे अर्धे कोकोपीट बोटांनी झटकून काढावे आणि गोल फिरलेली मुळे मोकळी करावीत. हे काम थंडीत करावे. फेब्रुवारीनंतर मुळांना हात लावणे टाळलेले बरे.

काळ्या मातीचा प्रश्न

माळव्याची काळी माती गव्हा-हरभऱ्याला आणि सोयाबीनला सोन्यासारखी आहे, पण कुंडीत ती या झाडाची वैरीण ठरते. ओली झाली की ती फुगते आणि तिच्यातील हवेच्या जागा बंद होतात. वाळली की आक्रसून भेगाळते आणि बारीक मुळे तुटतात. शिवाय ती अल्कधर्मी असते, आणि हेलिओट्रोपला किंचित आम्लधर्मी ते उदासीन, म्हणजे साधारण ६ ते ७ सामू (पीएच) असलेली माती मानवते. म्हणून कुंडीत काळी माती मुळीच घेऊ नये. एक भाग चाळलेली पिवळी माती, एक भाग जाड रेती, एक भाग पूर्ण मुरलेले कंपोस्ट आणि अर्धा भाग कोकोपीट, हे मिश्रण इथे चांगले चालते. रेती बांधकामाच्या ढिगावरची बारीक घेतली तर उलट माती घट्ट होते. बाजरीच्या दाण्याएवढी किंवा त्याहून जाड रेती चाळून घ्यावी आणि धुऊन वापरावी. भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ते वर साचून न राहता थोड्याच वेळात खालच्या भोकातून वाहू लागले पाहिजे. कुंडीखालची ताटली काढून टाकावी, आणि कुंडी दोन विटांवर ठेवावी म्हणजे भोक बुजत नाही व गच्चीची धग थेट लागत नाही. कुंडी मातीचीच घ्यावी, आठ ते दहा इंचांची. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडते आणि मुळांना गारवा मिळतो.

कंपोस्टच्या बाबतीत इंदूरकरांनी तरी कोणाकडे पाहण्याची गरज नाही. १९२४ साली इथे स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासह शेतातल्या टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची जी पद्धत बसवली आणि १९३१ साली प्रसिद्ध केली, ती आजही जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. हिरवा आणि सुका कचरा, शेण आणि थोडी माती यांचे थर, पुरेशी ओल, हवा खेळावी म्हणून वेळोवेळी केलेली उलथापालथ आणि साधारण तीन महिन्यांत तयार होणारे खत, हा तिचा गाभा. मूळ पद्धतीत ढिगातला आंबटपणा मारण्यासाठी लाकडाची राखही घालतात. हेलिओट्रोपसाठी खत करत असाल तर ती राख वगळावी, कारण आपली माती आणि आपले पाणी आधीच अल्कधर्मी आहे. खत मुरले नसेल तर ते कुंडीत तापते आणि कोवळी मुळे भाजते. हाताला गार लागणारे, वळवाच्या पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येणारे खतच वापरावे.

पाने पिवळी पडणे आणि कडा करपणे

ही दोन लक्षणे बहुधा एकत्र पाहिली जातात, पण त्यांची कारणे वेगळी आहेत. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहत असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. मातीत लोह नसते असे नव्हे. अल्कधर्मी मातीत ते अशा रूपात अडकते की मुळांना घेता येत नाही, आणि बोरिंगचे जड पाणी रोज घातले की ही अडचण दर आठवड्याला वाढते. जुनी, खालची पाने सगळीकडून सारखी पिवळी पडत असतील तर मात्र नत्र कमी आहे किंवा मुळे कुजत आहेत, आणि तेथे लोह देऊन काही साधत नाही.

लोहासाठी बाजारात मिळणारे चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह, घेताना पाकिटावरील अक्षरे वाचावीत. ईडीटीए प्रकारचे लोह अल्कधर्मी मातीत लवकर निकामी होते, म्हणून ते पानांवर फवारण्यापुरते ठीक. मातीत द्यायचे असेल तर ईडीडीएचए प्रकारचे घ्यावे. ते महाग असते, पण लागते अगदी थोडे. हिराकस (फेरस सल्फेट) वापरायचा झाल्यास लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी हलकी फवारणी करावी, आणि आधी दोन-तीन पानांवर करून दोन दिवस वाट पाहावी, कारण लवदार पानांवर द्रावण साचून राहते व डाग पडतात.

कडा आतल्या बाजूला करपत जाणे हे क्षारांचे आणि कोरड्या वाऱ्याचे काम आहे. कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरी खपली दिसत असेल तर शंकाच नको. ज्यांच्या घरी जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी आहे त्यांनी पाणी येईल त्या दिवशी या झाडापुरती एक बादली वेगळी भरून ठेवावी आणि बोरिंगचे पाणी इतर झाडांना घालावे. नर्मदेचे पाणी सहसा बोरिंगपेक्षा सौम्य असते. ज्यांना बोरिंगवाचून पर्याय नाही, त्यांनी महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत आणि पावसाळ्यात पावसाचे पाणी पिंपात साठवावे. दर आठवड्याला दाणेदार रासायनिक खत टाकण्याची सवय या झाडाच्या बाबतीत सोडून द्यावी.

उन्हाळा ओलांडण्याचा मार्ग

मोठे, फुलून दमलेले झाड इंदूरचा मे महिना ओलांडेल ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. ओलांडायचे असते ते त्याच्या कलमांना. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, दिवसा ऊन चढू लागण्याआधी, फूल नसलेल्या आणि ना अगदी कोवळ्या ना जून अशा फांद्यांचे तीन-चार इंचांचे तुकडे डोळ्याच्या जरा खाली कापावेत. खालची पाने काढावीत, वर दोन-तीन पाने ठेवावीत आणि ती मोठी असतील तर अर्धी कापावीत. अर्धी रेती आणि अर्धे कोकोपीट भरलेल्या लहान कुंड्यांत ती खोचून उजेडात, पण उन्हाबाहेर, ठेवावीत. वरून प्लॅस्टिकची पिशवी घालायची असेल तर तिला दोन-चार छिद्रे पाडावीत आणि रोज थोडा वेळ ती काढावी. लवदार पानांवर पाणी साचले की राखाडी बुरशी येते आणि कलम देठापासून काळे पडते. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात.

मूळ झाडाला हात लावावासा वाटला तर हलकी छाटणी मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच करावी, आणि प्रत्येक फांदीवर थोडी पाने शिल्लक ठेवावीत. जुन्या लाकडापर्यंत कापलेली फांदी बहुधा फुटत नाही. एप्रिल-मेमध्ये छाटणे म्हणजे झाडाला उरलीसुरली शक्ती खर्च करायला लावणे होय.

मुळे धरलेली कलमे चार-पाच इंचांच्या मातीच्या कुंड्यांत लावावीत आणि प्रत्येक कुंडी त्याहून मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत रेती भरावी. पाणी रोज त्या रेतीला द्यावे आणि आतल्या मातीला फक्त वरचा थर सुकला की द्यावे. माठातले पाणी ज्या तत्त्वाने गार राहते त्याच तत्त्वाने मुळे गार राहतात, आणि माती चिंबही होत नाही. वर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी असावी, आणि उष्ण वाऱ्याच्या दिशेला एखादी मोठी, दणकट कुंडी आडोसा म्हणून ठेवावी. या काळात फुलाची कळी आली तर खुडून टाकावी आणि खत बंद ठेवावे. झाड वाढत नाही म्हणून काळजी करू नये. जूनपर्यंत ते जिवंत राहिले म्हणजे झाले.

पावसाळा त्या मानाने सोपा, पण दगाबाज. इंदुरातील पाऊस वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर असतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. कुंड्या पत्र्याखाली किंवा छज्जाखाली घ्याव्यात, एकमेकींना चिकटवून ठेवू नयेत, आणि माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पाणी देऊ नये. मिश्रणात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आधीच मिसळली असेल तर मूळकुजीला काहीसा आळा बसतो. कूज लागल्यानंतर ती घालून फारसा लाभ होत नाही. सप्टेंबरअखेर कलमे आठ इंची कुंडीत हलवून शेंडे खुडले की डिसेंबरपासून फुले येतात. बियांपासून करायचे असेल तर पेरणीही सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये करावी. उगवायला दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही अधिक लागतात.

फुले येतात, पण वास नाही

ही तक्रार वाढत चालली आहे आणि तिच्यात लावणाऱ्याचा दोष क्वचितच असतो. अलीकडे मिळणारी ठेंगणी, गडद जांभळ्या रंगाची रोपे, उदाहरणार्थ 'मरीन' ही जात, बियांपासून वाढवतात आणि रंग व आटोपशीर बांधा यांच्यासाठी निवडलेली असतात. जुन्या, कलमांनी जपलेल्या जातींचा वास त्यांना बहुधा नसतो. बियांच्या एकाच पाकिटातल्या रोपांतही वासाचा फरक पडतो. त्यामुळे शक्य असेल तर रोप फुलावर आल्यावर नाकाने पारखून घ्यावे, आणि ज्या झाडाचा वास आवडला त्याचीच कलमे पुढे न्यावीत. भर दुपारी वास न येणे हा दोष मानू नये. इथे तो सकाळी आणि सूर्य कलल्यावर चांगला जाणवतो.

फुलेच येत नसतील तर सावली फार आहे, नत्र फार झाले आहे किंवा कुंडी गरजेपेक्षा मोठी आहे. थंडीत या झाडाला पाच-सहा तास ऊन लागतेच, आणि पंधरा दिवसांतून एकदा पालाशयुक्त पातळ खत पुरते. विंचवाच्या नांगीसारखा वळलेला फुलोरा उलगडत जातो तशी नवी फुले येतात. सगळा तपकिरी झाला की खालच्या पानांच्या जोडापर्यंत तो कापावा, म्हणजे बाजूचे डोळे फुटतात. जानेवारीत एखाद्या रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत घसरला तर उघड्या गच्चीवरचे झाड भिंतीलगत आणावे. पाने काळवंडली तरी लगेच छाटू नये, थंडी ओसरू द्यावी.

कीड, आणि एक सावधगिरी

फेब्रुवारीपासून पांढरी माशी आणि कोरड्या हवेत लाल कोळी हे दोन नेहमीचे पाहुणे. पानाला धक्का दिल्यावर पांढरे ठिपके उडाले तर पिवळे चिकट सापळे लावावेत, आणि पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा द्रव साबण लिटरभर पाण्यात मिसळून ऊन गेल्यावर पानांच्या खालून फवारावे. कोळ्यांसाठी सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरकस फवारा मारणे हाच पहिला उपाय आहे. मावा कोवळ्या शेंड्यावरच असतो. शेंडा खुडला की प्रश्न मिटतो. केशरी-काळी फुलपाखरे वाळक्या फांदीवर बसून राहिली तर ती कीड समजून हाकलू नयेत. त्यांतले नर झाडातले काही अल्कलॉइड, म्हणजे झाडात तयार होणारी काही रसायने, गोळा करायला येतात.

तेच अल्कलॉइड जनावरांच्या यकृताला घातक असतात. पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर उगवणारी भुरुंडी ही याच वंशातली, आणि तीही तितकीच टाळण्याजोगी. आपल्याकडे भाजीची देठे आणि बागेतला हिरवा पाला गल्लीतल्या गाईला घालण्याची पद्धत आहे. हेलिओट्रोपची छाटणी त्यात चुकूनही मिसळू देऊ नये, आणि घरात मांजर किंवा कुत्रे असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवावी. ज्यांना पानांच्या लवेने खाज सुटते त्यांनी छाटताना हातमोजे घालावेत, आणि छाटलेला पाला थेट कचरागाडीच्या ओल्या कचऱ्यात टाकावा.